पान एक्केचाळीस

जुनी पुस्तिका अठ्ठ्याऐंशी सालची,
तीन कड्यांच्या फाईलीत, मुखपृष्ठावर कॉफीच्या कपाचा गोल.
तिच्यात टाइपरायटरच्या फिती जपून वापरण्याबद्दल दीड पान आहे
आणि रजेबद्दल पाऊण.

नवी मला लिहायची आहे.
थोर्सगार्डबाई म्हणाल्या, "मेच्या बैठकीआधी हवी.
आणि वाचणाऱ्याला समजेल अशी."
मग त्यांनी वकिलाचा नंबर दिला.

दर गुरुवारी शाळा सुटली की आम्ही लायब्ररीत बसतो,
पहिलीतल्या मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी.
'कर्मचारी म्हणजे कोण' यातच दोन गुरुवार गेले.
तिसऱ्या गुरुवारी एवढं बर्फ पडलं की शाळाच बंद,
आणि तेव्हा कुठे लक्षात आलं,
बर्फाच्या दिवसाचा पगार कोणाला द्यायचा, कोणाला नाही,
हे आजवर कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

स्वयंपाकघराच्या फ्रीजरमध्ये खाजगी शिकार ठेवू नये.
वकिलाने हे वाक्य कापलं. समासात लिहिलं, "असं कोण करेल?"
बर्नडेट स्क्राबाने ते परत घालायला लावलं.
नाव तिने घेतलं नाही.
सुतारकामाचे मास्तर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

पान एक्केचाळीस. मृत्यूनिमित्त रजा.
जवळचे नातेवाईक: पती वा पत्नी, आई, वडील, मूल. तीन दिवस.
इतर: एक.
बर्नडेटने बहिणीचा मुलगा चार वर्षांचा असल्यापासून सांभाळला.
मागच्या हिवाळ्यात तो खाणीच्या रस्त्यावर, ट्रकखाली.
तो 'इतर' मध्ये निघाला.
एक दिवस.
दुसऱ्या दिवशी तिने दोनशे दहा मुलांना मॅकरोनी वाढली.

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही.
साखर कुठे आहे विचारता विचारता सांगितलं.

मी त्या रात्री लिहिलं:
ज्याच्यासाठी तुम्ही ताट झाकून ठेवत होतात, तो जवळचा.
वकिलाची लाल शाई: "व्याख्या संदिग्ध."
चार वेळा कागद गेला, चार वेळा आला.
शेवटी उरलं:
"...किंवा कर्मचाऱ्याने वाढवलेली व्यक्ती."
बर्नडेटने वाचलं, चष्मा पुसला,
म्हणाली, "स्वल्पविराम चुकलाय."
खरंच चुकला होता.

आणि मग नियम सहा-चार, तो मात्र माझाच.
मुलं बसमध्ये असताना चालकाने
कोणत्याही कारणास्तव आपली जागा सोडू नये.
त्यातला 'कोणत्याही' हा शब्द तोइवो हाकलासाठी आहे,
हे बसडेपोत सगळ्यांना ठाऊक आहे.
जानेवारीत, पारा वजा एकतीस,
त्याने बस चालू ठेवून एका पोरीला दारापर्यंत नेलं होतं,
कारण घरात दिवा नव्हता.
मागे बसमध्ये अकरा मुलं.
एका आईने फोन केला. तिचंही बरोबर होतं.

मेमध्ये मंडळाने पाच विरुद्ध दोन मतांनी पुस्तिका मंजूर केली.
शेवटचं पान फाडून द्यायचं:
मी वाचली, मला समजली, मला मान्य आहे.
एकशे बारा पावत्या परत आल्या,
सुतारकामाच्या मास्तरांची सगळ्यात आधी.

तोइवोची शेवटी आली. सही नीट, तारीख नीट,
एक अक्षरही खोडलेलं नाही.
मागच्या बाजूला पेन्सिलीने, बसच्या धक्क्यांतलं अक्षर:

तिसरा थांबा, पिवळं घर. मंगळवारी साडेचारपर्यंत कोणी नसतं.
नववा. आजोबांना ऐकू येत नाही, हॉर्न दोनदा.
चौदावा. दार उघडं असतं, पण शेगडी बंद.

सह्यांच्या पावत्या ज्याच्या त्याच्या फाईलीत जातात.
त्याचीही मी लावायला घेतली, 'ह' खाली.
पंच मारणार, तर भोक नेमकं
नवव्या थांब्यावर पडत होतं.

ती अजून माझ्या टेबलावर आहे,
पालथी.